हेतूच्या खान्यात

भंडारा, ३ ऑक्टोबर २०२४

आद. आत्याबाईस, अंकुशचा सप्रेम जयभीम वि. वि.

तुझ्या कानाला फोन चालत नाही, म्हणून हे पत्र. तुमच्या बायकांच्या मंडळाचा अर्ज आमच्या वकीलसाहेबांच्या टेबलावरून तिसऱ्यांदा परत आला. कंपनीवाले देणगी म्हणून स्वयंपाकाचे चार मोठे भगोने आणि दोन गॅसच्या भट्ट्या द्यायला तयार आहेत. फक्त संस्था कोणत्या हेतूची, ते एका खुणेत सांगायचं. खाने असे: धार्मिक, शिक्षण, आरोग्य, गरिबांना मदत आणि सगळ्यात खाली इतर.

आणि तू काय लिहून पाठवलंस? ज्या घरी मयत होते त्या घरी चूल पेटत नाही, म्हणून आम्ही सैपाक करून नेतो. आत्याबाई, हा हेतू नाही, ही हकीगत झाली. साहेब मलाच चार शब्द बोलले. 'इतर'वर खूण केलेला अर्ज कोणी वाचत नाही म्हणतात. तेव्हा एकच शब्द कळव, हात जोडतो.

तुझ्या भाचेसुनेला, प्रतिक्षाला सातवा लागला. मला विचारलंस तर तिला डोहाळे तुझ्या हातच्या खिरीचेच आहेत.

रागाव, पण माया आटू देऊ नकोस.

तुझा भाचा, अंकुश

*

कोंढा, ९ ऑक्टोबर

चि. अंकुशले आत्याचा जयभीम आन आशीर्वाद. गुडघा सोडला त बाकी सगळं खुशाल.

एक शब्द मागतेस त आयक. धार्मिक लिवू नोको. आमी बारा बाया, पाच आपल्या वस्तीतल्या, सात गावातल्या. आपल्या हातचं जेवाले गावाले दहा वर्स लागले. धार्मिक म्हटलं का उद्या पयला सवाल, कोनता धरम? आरोग्य कसं लिवशील, मानूस त मेला. शिक्षन आमचंच चवथीपावतर.

आन गरीब? वासुदेवरावाच्या दारात दोन टॅक्टर उभे हायेत. त्याचा बाप गेला तवा तोही आमचाच दाळ-भात जेवला. मयत का सातबारा पाहून येते काय? तुह्या साहेबाले इचार, त्यायच्या घरी कोनी गेलं तवा ते कोनत्या खान्यातलं जेवले होते.

माह्यं डोकं पिकवून राहिला तू. प्रतिक्षाले सांग, खीर पक्की.

दोन ओळी का होईना, लिवत राय.

विमलाआत्या

*

भंडारा, २१ ऑक्टोबर

आद. आत्याबाईस सप्रेम जयभीम वि. वि.

शेवटची तारीख होती. 'गरिबांना मदत'वर खूण केली आणि आठ दिवसांत मंजुरी आली. विचारलं नाही म्हणशील, तर विचारलं होतं, तू भांडलीस. कागदावरचं कागदावर राहील, तुम्हाला भांड्यांशी मतलब. दिवाळीनंतर टेम्पो येईल.

भांडून झालं की आठवण काढ.

अंकुश

*

कोंढा, २ डिसेंबर

चि. अंकुशले जयभीम.

भगोने आले, चांगले जड हायेत. पन पोटावर बोटबोटभर अक्षरं कोरून आली, 'गरिबांच्या मदतीसाठी'. मले खटकलं, पन बाया म्हने कोन वाचते.

मंगळवारी डोमा गेला. दुसऱ्याच्या बांधीत धान कापता कापता छातीत कळ आली न तिथंच बसला. त्याच्या घरी ना जमीन ना जनावर, त्याहून खालचं घर गावात नाही. मनून मले वाटलं, त्याच्या बायकोले, रुखमाले त्या अक्षराचं काही वाटनार नाही. तिथंच माह्यं चुकलं.

मातीवरून लोक परतले, आमी भगोना अंगनात ठेवला. रुखमानं अक्षरावर बोट ठेवून सावकाश वाचलं न झाकन परत घातलं. मले म्हने, "विमलाबाई, सकाळपासून मी दुखाची होती. आता तुमी मले गरीब केलं."

घास घेतला नाही, लेकरायलेही घेऊ देला नाही. वीस वर्सांत भरलं भांडं पयल्यांदा वापस आलं. जातीनं नाही अडवलं रे, तुह्या खुनेनं अडवलं. मले तुह्यावर राग हाये, तो लिवूनच ठेवतो.

विमलाआत्या

*

भंडारा, १० डिसेंबर

आद. आत्याबाईस सप्रेम जयभीम वि. वि.

कंपनीच्या ऑफिसात दोनदा जाऊन आलो. एक म्हणतो, हेतू तीन वर्षं बदलता येत नाही. दुसरा म्हणतो, अक्षरं नको असतील तर भांडी परत करा. संस्था गरिबांसाठी नाही तर मग कोणासाठी, असं त्यानं विचारलं आणि मी फाईल घेऊन बाहेर आलो. रोज दुसऱ्यांचे हेतू टाईप करतो मी. रुखमाबाईंना कोणत्या तोंडानं भेटू? तू सांगशील तसं करतो.

अंकुश

*

कोंढा, २७ डिसेंबर

चि. अंकुशले जयभीम.

इटकरीच्या तुकड्यानं घासलं, राखेनं घासलं, अक्षरं जात नाहीत. काल टेम्पोत भरून सगळं वापस धाडलं, भट्ट्याही. कंपनीवाल्यानं पावती देली, तेवढी फाईलीत लाव.

परवा वासुदेवरावाची माय गेली. आमी आमचे जुने काळे भगोने घेऊन निंगालो, पन त्याच्या कोपऱ्यावर पाय थांबले. गरिबाचं जेवन मनून त्यानंही वापस केलं त मंडळ तिथंच संपलं असतं. तेवढ्यात मांगून रुखमा आली. आमी तिले बलावलं नोयतं. डोक्शावर तिच्या घरचा जर्मनचा भगोना, बुडाले पोचा आलेला. दोन टॅक्टरच्या मधून सरळ अंगनात गेली न वासुदेवरावाम्होरं पान वाढलं.

"मांगच्या मयन्यात माह्या घरी होतं, आज तुमच्या घरी हाये. जेवा भाऊजी."

त्यानं खाली मान घालून खाल्लं. दुसऱ्यांदा भात मांगतला तवा मले रडू आलं.

तुह्या त्या कंपनीवाल्याले खाना पायजे न? तिचं तेवढंच वाक्य 'इतर'च्या खान्यात लिव. तो खाना कोनी वाचत नाही म्हनतेस, त मंग कोनी खोडनारही नाही.

राग अजून गेला नाही. आयतवारी खीर घेऊन येतो. रुखमाही येतो म्हने. तिच्यासमोर चूप बस न पोटभर जेव.

तुही, विमलाआत्या