विहिरीजवळच्या झाडाची बाटली

तीर्थरूप बाबांना नमस्कार,

मी बरी आहे, जेवणखाण वेळेवर चाललंय. तुम्ही गुडघ्याला तेल लावता ना?

संत्र्याच्या झाडांवरचे मावा किडे तुम्ही झाडागणिक वेगळ्या बाटलीत पाठवलेत, ते मी आमच्या प्रयोगशाळेत तपासले. विहिरीजवळच्या झाडाच्या दोन्ही बाजूंच्या झाडांवरच्या माव्यात झाड वाळवणारा विषाणू निघाला. पानं अजून हिरवीगार असली, तरी ती दोन्ही झाडं बहुतेक काढावी लागतील.

मधल्या झाडाची बाटली मात्र आलीच नाही. तुम्ही विसरणारे नाही. जाण्याआधी आईने लावलेलं शेवटचं झाड ते, म्हणून मीही फोनवर विचारलं नाही.

आता पाठवू नका. रविवारी मी येतेय, मावा मीच गोळा करीन. वेळ आलीच, तर पहिला घाव मी घालेन. तुम्ही नुसते जवळ उभे राहा.

तुमची धाकटी