ओरखडे वजा करून

७ मार्च १९९३, रविवार
ताराचे पाय पुन्हा दुखतात. अकरा वर्षांची आहे, वाढीचं वय, दुखणारच. शेजारचे लहानूजी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहेत. त्यांनी तिचं रक्त काचेवर घेऊन पाहिलं. म्हणाले, नरहरीभाऊ, मले सिकल सेलचा रक्ताचा आजार वाटून राहिला, डॉक्टरले दाखवा, तुमा दोघा मायबापायचंही रक्त तपासा. मी म्हटलं, आमच्या घराण्यात असलं काही नाही. तर म्हणतात, हे जात पुसून येत नाही भाऊ. फार राग आला. माणूस चांगला, पण डोळ्यांनी पाहतो. डोळे चुकतात.
संकल्प: डॉक्टरआधी मशीन.

९ मार्च
लहानूजींकडून ती काचेची स्लाइड मागून आमच्या पोलाद कारखान्याच्या लॅबमध्ये नेली. मायक्रोस्कोपवर कॅमेरा, कॅमेऱ्याला कॉम्प्युटर, आत माझा प्रोग्रॅम. चार वर्षं पोलादाचे कण मोजतोय, एक तक्रार नाही. (एक आहे. ती लोकांनी मुद्दाम केलेली.) रक्त म्हणजेही कणच. चांगली पेशी गोल, सिकलवाली विळ्यासारखी, असं लहानूजी सांगतात. गोलाई मोजायची, बस. एका दिवसाचं काम.

१६ मार्च, संध्या. ६
एका दिवसाचं काम आठ दिवस चाललं. कॉम्प्युटर मंद आहे.
निकाल: १२१४ पेशी. सगळ्या गोल. विळा एकही नाही!
प्रिंटआउट लहानूजींना दिला. त्यांनी तो दोनदा वाचला. म्हणाले, माह्या डोळ्याले तं दिसल्या होत्या. बिचारे. बायकोने घेतलेली डॉक्टरची अपॉइंटमेंट रद्द केली.

२ एप्रिल
कमलिनी भडकली. म्हणाली, पोरगी रातभर रडून राहिली अन् तुम्ही मले कागद कावून दाखवून राहिले? बायकोला आकडे पटत नाहीत, त्याला इलाज नाही. नागपूरच्या कॉन्फरन्ससाठी पेपर लिहिणार. पोलाद आणि रक्त, पद्धत एकच. शीर्षक तयार. फक्त पेपर राहिला.

१९ एप्रिल
पेपर तसाच. ताराचे डोळे पिवळट वाटतात. ट्यूबलाइटमुळे असेल.

१ मे
महाराष्ट्र मंडळात महाराष्ट्र दिनाच्या शर्यती. तारा नको म्हणत होती. मी म्हटलं, रिपोर्ट नॉर्मल आहे, पळ. ऊन सकाळी आठलाच कडक. तिसरी आली. टाळ्या वाजवल्या. मग ती खाली बसली ती उठलीच नाही.

२ मे
हॉस्पिटल. ऑक्सिजन, सलाइन. सिकलच आहे. अर्धं माझ्याकडून, अर्धं कमलिनीकडून. डॉक्टरांनी विचारलं, दोन महिने काय करत होता? मी म्हटलं, कॅमेऱ्याची लेन्स खराब असावी. लहानूजी शेजारीच उभे होते. सलाइनचे थेंब मोजत होते, डोळ्यांनी. बोलले असते तर बरं झालं असतं.

५ मे
मशीनची चूक पकडायला लॅबमध्ये गेलो. लेन्स स्वच्छ. कॅमेरा ठीक. मग प्रोग्रॅम वाचला, पहिल्या ओळीपासून. पोलाद घासून चकचकीत करताना ओरखडे उरतात. म्हणून मीच १९८९ साली लिहून ठेवलंय: जे लांब आणि बारीक असेल, ते मोजण्याआधी पुसून टाक.
ती ओळ काढली. तीच स्लाइड. गोल १२१४. लांब, बारीक, वाकड्या: १६३.
मशीनने मी सांगितलं तेच केलं. रडलो. लिहून ठेवतो.

२७ जून
ताराला घरी आणून तीन आठवडे झाले. खुब्याच्या हाडाला रक्त पोचलं नाही, लंगडत चालेल. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणली असती तर कदाचित हाड वाचलं असतं. 'कदाचित' खाली मी रेघ मारली होती. खोडली.
आज सकाळी ती आत कमलिनीला हळूच सांगत होती, आई, पाय लय दुखून राहिला. मी दारात गेलो. काय झालं, विचारलं.
लगेच चादर ओढून घेतली. म्हणाली, काही नाही बाबा. मले काहीच नाही दुखत.