गांधील चावून कोण मरतंय?

९ नोव्हेंबर १९९८

डावा डोळा बंद. उजव्यानं लिहितेय. मधमाशांच्या पेटीचं झाकण उचललं आणि तोंडावरची जाळी वाऱ्यानं सरकली — माशी भुवईवरच चावली! मलकापूरच्या प्रशिक्षणात सांगितलं होतं, काटा चिमटीत धरायचा नाही, नखानं खरवडून काढायचा, नाहीतर उरलेलं विषही आत जातं. ऐनवेळी कुठलं आठवायला? चिमटीतच धरला.

आत्ती चुलीपुढून उठल्या. कांदा ठेचला आणि भुवईवर दाबून धरला. त्या कांद्यानं डोळा आणखी झोंबला. माझी सासू तशी टोचून बोलणारी नाही. पण आज आवाज वेगळाच होता. "उद्या ती खोकी उचल. शेळ्या पाळ, कोंबड्या पाळ. माशी नको."

का नको, विचारलं. त्यांनी कांदा फक्त जोरात दाबला.

१० नोव्हेंबर

डोळा किलकिला उघडला. पेट्या जांभळाखाली आहेत तिथंच आहेत.

२२ नोव्हेंबर, रविवार

धम्मपाल आला. (नवऱ्याचं नाव तोंडानं मी घेत नाही, वहीत घेते.) आठवडाभर कोल्हापूरच्या कारखान्यात लेथवर उभा राहतो, रविवारी घरी येतो. आल्या आल्या आईनं त्याला बाजूला घेतलं. मग तो मला समजवायला आला. आई रात्री झोपत नाही म्हणे, पेट्या देऊन टाकू.

मी म्हटलं, बारावी होऊन मी तीन वर्षं शेण काढतेय, दुसऱ्याच्या बांधाला तण भांगलायला जातेय. ही पहिली गोष्ट माझी मी मागून घेतली. सरकारी माणसापुढं उभी राहून, बायकांत एकटी. मी देणार नाही.

तो शेवटी म्हणाला, उन्हाळ्यापर्यंत बघ.

बघणारच.

१३ डिसेंबर

आज मनगटावर. काटा खरवडून काढला — जमलं! आत्तींनी पानाच्या डबीतला चुना लावला. संध्याकाळी चुना धुतला तर खालची कातडी पोळलेली. माशीपेक्षा चुन्याचंच जास्त दुखतंय. चुना बाद. मधे एकदा चावली तेव्हा परसातली ओली माती लावली होती, तिनं नुसतं गार वाटलं. मग गार पाणीच का नको? उद्यापासून पेटीपाशी पाण्याची कळशी भरून ठेवायची.

आत्तींना हे सांगितलं नाही. त्या लावायला आल्या की मी हात पुढं करते. माशीला शिव्या देतात, पण लावताना हात मऊ असतो.

१५ जानेवारी १९९९

शेजारच्या धोंडुबाईंना सरपण काढताना गांधील चावली. बोट केळ्याएवढं झालं. आत्तींनी कोयत्याचं पातं पाण्यात बुडवून त्यावरनं फिरवलं, मग कांदा. मी गार पाण्याची पट्टी बांधली. आत्ती आत गेल्या तशा धोंडुबाई हळूच म्हणाल्या, "तुझ्या सासूच्या दारात माशी बगून नवल वाटतंय बग. यल्लाप्पा गेल्यापास्नं तिनं..." आत्ती बाहेर आल्या तसं धोंडुबाईंनी बोट पुढं केलं.

यल्लाप्पा म्हणजे माझे सासरे. धम्मपाल चार वर्षांचा असताना गेले. कशानं, ते ह्या घरात कुणी बोलत नाही. मी विचारलं होतं एकदा. धम्मपाल म्हणाला, पान लागलं. साप म्हणजे. आणि उठून गेला.

२५ फेब्रुवारी

पोळं भरतंय! चौकट उचलली तर हाताला वजन लागलं. एक चावली, दंडावर. सूज ह्या वेळी कोपराच्या खाली उतरली. मागं असं झालं नव्हतं. जाईल.

२१ मार्च, रविवार

आज उठून बसता आलं, म्हणून लिहिते.

गुरुवारी मानेवर चावली. एकच. काटा काढला, पाणी ओतलं, झाकण लावलं. तेवढ्यात तळवे खाजायला लागले. मग अंगभर गांधी उठल्या, ओठ जड झाले. घरापर्यंत चालत आले आणि उंबऱ्यात बसले. श्वास आत जाईना. गळ्यात कुणी बोळा कोंबल्यासारखा. आत्ती कांदा घेऊन आल्या, माझ्या तोंडाकडं बघितलं आणि कांदा टाकून दिला. रस्त्यावर धावत गेल्या. गावातल्या कृष्णातची भाड्याची वडाप जीप माणसांनी भरलेली होती, मलकापूरला निघालेली. आत्तींनी माणसं उतरवली. ह्या बाईचा आवाज एवढा मोठा आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

पुढचं तुटक आठवतं. दंडात सुई. नाकाला नळी. छत पांढरं होतं.

डॉक्टर तरणा होता. शांतपणे बोलला. एखाद्याच्या अंगाला माशीचं विष मानवत नाही, दर खेपेला जास्त बिघडतं. घरचं औषध दुखण्या-सुजण्यापुरतं. दम लागला, ओठ सुजले की काही लावत बसायचं नाही, गाडी बघायची. आणि मला — पुन्हा पेटीजवळ जायचं नाही. पुढची सोसेलच असं नाही.

मी भिंतीकडं तोंड केलं.

तेव्हा आत्तींनी विचारलं, "डाक्टर, गांधील चावली तरबी असंच हुतंय?"

"होतं की."

"माणूस मरतंय?"

"मरू शकतं, आजी. घटकाभरात."

आत्ती तिथंच फरशीवर बसल्या. डॉक्टरला वाटलं चक्कर आली. त्यांनी पाणी घेतलं नाही. पदर तोंडाला लावून बसून राहिल्या.

२३ मार्च

आज आत्तींनी सगळं सांगितलं. मी अंथरुणावर, त्या लसूण सोलत. माझ्याकडं न बघता.

सासरे पावसाळ्यात गळणाऱ्या छपरावर गवत शाकारत होते. गांधिलीचं पोळं होतं आढ्याला. दोन-तीन चावल्या. हसत खाली उतरले, चहा मागितला. आत्तींनी चहा दिला, कांदा लावला, चुना लावला, निजा म्हणाल्या. चहाची बशी रिकामी व्हायच्या आत ते काळेनिळे पडले. भगताला बोलवा म्हणून लोक ओरडत होते. आत्ती म्हणाल्या, आपण दीक्षा घेतलेली माणसं, भगत नाही, डॉक्टर आणा. नदीला पूर, जीप नाही, काही नाही. बैलगाडी जुंपेपर्यंत संपलं.

मग सुरू झालं. गांधील चावून कोण मरतंय? नणंदा म्हणाल्या, हिनं चहातनं काहीतरी दिलं. दीर बोलायचा बंद झाला. कुणीतरी सापाचं नाव काढलं, म्हणून निदान गावात राहता आलं. पण आत्तींच्या हातचा चहा बायका नको म्हणायच्या.

"आज बी म्हंत्यात," आत्ती म्हणाल्या.

मग लसूण खाली ठेवला. "सुई मिळाली असती तर जगलं असतं?"

खोटं बोलावंसं वाटलं. नाही बोलले. म्हटलं, कदाचित जगले असते.

"व्हय," त्या म्हणाल्या. "पर तवा सुई कुटं हुती." आणि पुन्हा सोलायला लागल्या.

२८ मार्च, रविवार

धम्मपालला मी सांगितलं. डॉक्टरचं, चहाचं, सगळं. लहानपणापासून त्यानं दोन्ही गोष्टी ऐकल्यात — साप आणि चहा. कुठली खरी, आईला विचारायचं त्याला कधी धाडस झालं नाही. शेवटी परसात गेला. आत्ती भांडी घासत होत्या.

"आई, मला कधी सांगितलं का न्हाईस?"

"सगळ्यांस्नी सांगितलं हुतं की. ऐकलं कुणी?"

तो राख घेऊन त्यांच्या शेजारी बसला आणि भांडी घासायला लागला.

पेट्यांचं ठरलं. मुरगूडचे पिराजी म्हणून एकजण घेतात, पुढच्या आठवड्यात टेम्पो आणतील. मी नाही म्हणाले नाही. कुठल्या तोंडानं म्हणू?

३ एप्रिल

खिडकीतून बघते. माशा जांभळाच्या मोहरावर जातायत, येतायत. चौकटी आता गच्च असतील. हात लावता येत नाही. रडले नाही. मधाच्या बाटल्या धुऊन उन्हात पालथ्या घातल्या. का, ते मलाही माहीत नाही. आत्ती येता-जाता त्या बाटल्यांकडं आणि माझ्या खिडकीकडं बघत होत्या.

५ एप्रिल

पिराजी टेम्पो घेऊन आले. आत्ती जांभळाखाली उभ्या होत्या. माझी जाळी तोंडावर, माझ्या नवऱ्याचा शर्ट अंगात, बाह्या मनगटाला सुतळीनं बांधलेल्या.

"पावणं, च्या घ्या आनि जावा. पेट्या इकायच्या न्हाईत."

पिराजींनी चहा घेतला. टेम्पो रिकामा गेला.

मग आत्तींनी झाकण काढलं, आणि माझ्या खिडकीकडं वळून मोठ्यांदा विचारलं, "ह्यातली राणी कंची गं? तितनंच सांग."