अलीगंज ते मेलबर्न, बसल्या जागी

४ डिसें.
मुग्धाचा मेलबर्नहून फोन. फेब्रुवारीत बाळंतपण, दोघांनी यायचंच म्हणते. ह्यांनी सरळ सांगून टाकलं, मला जमणार नाही, आई येईल. गुडघा बदलून आठ महिने झाले, तास-दीड तास बसलं की पाय लाकूड होतो. मग तिने मला विचारलं, "आई, पापा सच में नहीं आएँगे?" रागाच्या भरात कारल्याची भाजी केली. तीही ह्यांनी निमूट खाल्ली.

५ डिसें.
सकाळी हे कागद-पेन्सिल घेऊन बसलेले. आमच्या अलीगंजहून, म्हणजे लखनौहून, मेलबर्न सरळ रेषेत पावणेदहा हजार कि.मी. पण सरळ नेतंय कोण? इथल्या अमौसी विमानतळावरून दिल्ली तासभर, तिथे चार तास थांबा, पुढे साडेबारा तास सलग. एअरफोर्समध्ये तीस वर्षं विमानं तपासून 'उडायला योग्य' म्हणून सही करायचे. आता स्वतःची तपासणी, म्हणे. घरीच साडेबारा तास बसून बघायचं. मुग्धाला कळता कामा नये. जमलं नाही तर पोरीला दोनदा वाईट वाटेल. राग गेला माझा.

७ डिसें.
जेवणाच्या दोन खुर्च्या सोफ्याच्या पाठीमागे, गुडघ्यापुढची जागा टेपने मोजून. मोबाइल बंद, नियम म्हणजे नियम. दर तासाला उठून बाथरूमपर्यंत एक फेरी. नकाशा मांडीवर. सव्वातीन तासांत अंदमान आलं आणि पाय धरला. संपलं.

८ डिसें.
डॉ. म्हणाले, बसा, पण दुखेल तिथे थांबा. व्यायाम वाढवला.

१४ डिसें.
आज सहा तास! सुमात्रा. मध्येच शेजारच्या मिश्रा भाभी बेल वाजवत राहिल्या. मी उठले तर हे म्हणाले, "हवेत असताना दार उघडत नाहीत." भाभींनी खिडकीतून पाहिलं, दोघं सोफ्याच्या पाठीकडे तोंड करून गप्प बसलेत. मोबाइलही बंद. घाबरून बाईंनी थेट मुग्धालाच फोन लावला. मोबाइल चालू केला तर तिचे अकरा मिस्ड कॉल. सगळं सांगावंच लागलं. आधी चिडली, मग हसली, मग नुसतीच नाक ओढत राहिली. शेवटी ह्यांना विचारलं, "पापा, कहाँ तक पहुँचे?"
"सुमात्रा," म्हणाले, आणि फोन माझ्या हातात देऊन गच्चीवर गेले.

१८ डिसें.
थंडी, गुडघा आखडला. पाच तासच. मुग्धाला सांगितलं, हवामान खराब होतं.

२३ डिसें.
नऊ तास. नकाशाप्रमाणे ऑस्ट्रेलियाचा किनारा लागला. मुग्धाला मेसेज ह्यांनी स्वतः केला: जमीन दिसली. अजून साडेतीन तास बाकी, ते काही थोडे नाहीत. तिकीट काढू का विचारलं तर म्हणाले, आधी उतरू दे. मग चहा पिता पिता माळ्यावरची मोठी बॅग काढायला सांगितली. नुसतं ऊन दाखवायला, म्हणे.