आपल्या संगणकाच्या सांधेजोडणीविषयी

प्रिय बालमित्र,
सप्रेम नमस्कार.

आपली व आपल्या गुडघ्यांची प्रकृती उत्तम असेल, अशी आशा बाळगतो. येथे आम्ही उभयता ठीक आहोत. (माझा खोकला हा आजार नसून सवय आहे, हे मी डॉक्टरांना समजावून दिले आहे.)

आपण मुलाकडे कायमचे राहावयास निघालात, तेव्हा म्हणालात, "आयुष्यभर लाकडाचे सांधे जुळवलेस, आता मला एक संगणक जुळवून दे. त्यावर रोज बुद्धिबळ खेळू." त्यानुसार काम हाती घेतले. सुतारकामाच्या शिस्तीप्रमाणे प्रथम पेटी केली. सागवानी, एकही खिळा न मारता. मग मदरबोर्ड आणला, तो पेटीहून बोटभर रुंद निघाला. (दोष पेटीचा नव्हे.) लहान आणला, तर आधी घेतलेला प्रोसेसर त्याच्या बैठकीत बसेना. प्रोसेसर बदलला, तर रॅमची पट्टी अडली. तिची खाच आणि बोर्डावरचा उंचवटा यांत सूतभर अंतर! असे अंतर खिडकीच्या चौकटीत आढळल्यास मी काय करतो, हे आपण जाणता. मी बारीक कानस घेतली. पट्टी सुरेख बसली. संगणकाने मात्र हूं की चूं केले नाही.

दुकानातील मुलीने पट्टी उलटसुलट करून पाहिली. "आजोबा, कानस मारलीत?"

"किंचित."

"अहो, ही मागच्या पिढीची पट्टी. चुकीची बसू नये म्हणूनच खाच वेगळ्या जागी ठेवतात!"

जे बसत नाही ते बसवून देण्यावरच माझा संसार चालला, हे मी तिला सांगितले नाही. (चौथी उत्तीर्ण मनुष्याने कोठे थांबावे, हे जाणावे.)

परतताना मला समोरच्या घरातील निवृत्त पोस्टमास्तर आठवले. आपल्या गैरहजेरीत तेच माझ्याशी खेळतात. अत्यंत सज्जन, माझे प्यादे मारताना क्षमा मागतात. आपण तर माझा उंट खिशात घालून वर मलाच चष्मा बदलण्याचा सल्ला देत होता. तरीही पोस्टमास्तरांची खाच जुळत नाही, आणि तेथे कानशीचा उपयोग नाही. आमच्या सौभाग्यवती म्हणतात, "समोरासमोर बसून एक डाव धड पुरा केला नाहीत, पडद्यावर काय दिवे लावणार!" परंतु आपल्या खुर्चीवर त्या पोस्टमास्तरांना बसू देत नाहीत. ती डुगडुगते, असे सांगतात. (ती डुगडुगत नाही. मी केलेली आहे.)

असो. योग्य पट्टी खटकन बसली. पेटी दुकानात नेऊन त्या मुलीच्या पडद्याला जोडून पाहिली. संगणक उत्तम चालतो.

आपल्या लोभाची वाट पाहणारा,
आपला मित्र

ता. क. : संगणक पार्सलने पाठवणार नाही. ते लोक पेट्या आपटतात. तो मांडीवर घेऊन नेण्यास विश्वासू माणूस हवा. मुलास पाठवू नये, त्यास घाई असते. आपण स्वतः यावे.

पुन्हा ता. क. : पार्सलवाले काचेची भांडीसुद्धा नीट पोहोचवतात, असे सौभाग्यवती म्हणतात. त्यांचे ऐकू नये.

शेवटचा ता. क. : पडदा मी घेतलेलाच नाही. तू समोर बसलास की त्यात बघायचे काय? उंट चोरलास तरी चालेल. ये.