काचेवरचे नाव

यवतमाळ,
ता. २ डिसेंबर १९६०

ती. कांताताईस, नलूचा सा. जयभीम वि. वि.

तुझे कार्ड मिळाले. अर्ध्या कार्डात विशाखाच्या सहामाहीचे मार्क आहेत, उरलेल्या अर्ध्यात महेंद्रने शाईची दौत कुठे कुठे सांडली ते आहे. तुझ्या खोकल्याबद्दल एक ओळ नाही. भाऊजींनी कडेला उभ्या अक्षरांत ‘खोकला तसाच’ एवढे लिहिले नसते तर मला कळले नसते.

दिवाळीच्या सुट्टीत मी मारेगावला आले तेव्हा तू खोकत होतीस. त्याला सहा आठवडे झाले. तीन आठवड्यांपेक्षा जास्त टिकलेला खोकला तपासायचा असा नियम आहे, आणि दवाखान्याच्या तपासणीच्या खोलीत दिवसभर मी तेच काम करते. भाऊजींच्या शाळेतले बाबाराव मास्तर इथे आले आहेत. त्यांच्याबरोबर झाकणाची बाटली पाठवते आहे. सकाळी उठल्याबरोबर साध्या पाण्याने चूळ भर, खोल श्वास घे आणि छातीतून खोकून जो बेडका येईल तो बाटलीत घे. नुसती थुंकी नको. थुंकीत काही दिसत नाही.

नाताळच्या सुट्टीत तुम्ही तिघांनी माझ्याकडे यायचे ठरले आहे. मलाही ते हवे आहे. पण नमुन्यात क्षयाचे जंतू निघाले तर मुलांना तुझ्याजवळ झोपू देता येणार नाही. त्यांना दारव्ह्याला त्यांच्या आजीकडे ठेवावे लागेल, आणि ते दहा दिवसांसाठी नसेल. आधीच लिहून ठेवते, म्हणजे नंतर वाद नको.

एरवी शेवटी मुलांना जवळ घे असे लिहिते. निकाल येईपर्यंत लिहीत नाही. माझ्यावर रागावलीस तरी माया कमी करू नकोस.

तुझी,
नलू

मारेगाव,
ता. १२ डिसेंबर १९६०

चि. नलूस, ताईचे अनेक आशीर्वाद व जयभीम वि. वि.

तुही बाटली पोचली. बाबाराव मास्तरांनी ती दोन बोटांत धरून, हात लांब करून आणली. रस्त्यानं लोकं विचारत होते म्हणे का मास्तर, विंचू पकडला का. विशाखाले वाटलं मावशीनं अत्तर धाडलं. झाकण उघडून हुंगली अन् तोंड वाकडं केलं.

लहानपणी तू माह्या पाठीवर बसून शाळेत जात होतीस, पाय दुखते म्हणून. आता मलेच खोकायचं कसं ते शिकवून राह्यली. शीक बापा. एवढी शिकलीस तर आमच्यावरच चालव.

इकडं थंडी लई आहे. सकाळी वेचणीले जाणाऱ्या बायांचे हात कापसावर चालत नाहीत. आम्ही तिघं एकाच गोधडीत. महेंद्र पोटाशी शिरल्याबिगर झोपत नाही, अन् विशाखा आपले थंडगार पाय माह्या पोटऱ्यांत खुपसते. तुह्या भाऊजींनी वेगळी वाकळ घेतली, म्हणतात या गोधडीत आता माणसाले जागा नाही.

दारव्ह्याचं नाव काढलंस तवापासून मले घास जात नाही. सासूबाई वाईट नाही. पण गेल्या साली महेंद्र तिच्याकडं पंधरा दिवस राह्यला, तर परत आल्यावर मले पाहून दाराआड लपला. दोन दिवस लपला होता, नलू. अन् विशाखाले ती अजून गयाच म्हणते. पोरगी दर खेपेले सांगते, आजी, आपण बौद्ध झालो तवा माहं नाव बदललं, शाळेच्या दाखल्यात विशाखा आहे, गया नावाचं कोणी नाही. कागदावरच्या नावाचा तिले लई सोस, तुह्यावर गेली.

दहा दिवसाची सुट्टी मागून राह्यली मी, जास्त नाही. ते तुह्या बाटलीवर आहे म्हणतेस तर घे बाटली. आज सोमवारी सकाळी भरली. बाबाराव मास्तर उद्या निघतात.

लेकरं दिवस मोजून राह्यले. तुह्या मनात आम्हाले जागा ठेव, घरात कमी असली तरी चालते.

तुही,
कांताताई

यवतमाळ,
ता. १५ डिसेंबर १९६०

ती. ताईस, सा. जयभीम वि. वि.

नमुना परवा मिळाला. काच मी स्वतः रंगवली आणि सूक्ष्मदर्शकाखाली स्वतः पाहिली. एकही जंतू दिसला नाही. वहीत तशी नोंद केली आहे.

नमुना जरा पातळ होता. दुसरा इथे आल्यावर घेऊ.

२४ तारखेच्या मोटारीने या. मी स्टँडवर असेन. मुलांसाठी दोन लहान पेले आणून ठेवले आहेत, कारण माझ्याकडचे पेले महेंद्रच्या हातात मावणार नाहीत. शेजारच्या नंदाबाईंनी एक घोंगडी द्यायचे कबूल केले आहे. तुमची गोधडी आणली तरी चालेल.

लवकर या, म्हणजे बाकीचे लिहावे लागणार नाही.

तुझी,
नलू

मारेगाव,
ता. ५ जानेवारी १९६१

चि. नलूस, अनेक आशीर्वाद व जयभीम वि. वि.

सुखरूप पोचलो. मोटारीत महेंद्रनं सगळ्याईले सांगितलं का माह्या मावशीच्या घरी एक नळी आहे, तिच्यात कांद्याचं साल घरावानी दिसते, खोल्या खोल्याचं. त्याले तुह्या यंत्रात स्वतःच्याच पापण्या दिसल्या ते मात्र सांगत नाही. किडे आहेत म्हणून रडला होता ना.

विशाखानं संत्र्याच्या बिया पुडीत बांधून आणल्या अन् नळाच्या कडेले लावल्या. पुडीवर नाव लिहिलं, गाव लिहिलं, तारीख लिहिली. हे तुहं शिकवणं.

मी काय आणलं ते सांगते. पहिले दोन दिवस तू पलंगावर एकटी, सरळ, हात अंगाशी धरून झोपलीस, जशी परीक्षेले बसली. तिसऱ्या दिवशी महेंद्रनं बोलावलं तर खाली आमच्या गोधडीत आलीस. विशाखाचे पाय लागले तशी ओरडलीस अन् मग हसलीस. माय गेली तवापासून तुले असं हसताना पाहिलं नव्हतं. ते आणलं मी.

दुसऱ्या बाटलीचं तू काढलं नाहीस. मीबी काढलं नाही. खोकला आहे थोडा, थंडीचा असंन.

उन्हाळ्यात पुन्हा येतो. आम्हाले विसरू नको म्हणत नाही, तू काही विसरत नाहीस.

तुही,
ताई

यवतमाळ,
ता. १८ फेब्रुवारी १९६१

ती. भाऊजींस, नलूचा सा. जयभीम वि. वि.

सोमवारी तुम्ही ताईला इथे आणून परत गेलात, त्यानंतरचे कळवते. रक्त पडणे थांबले आहे. बुधवारी तिच्या बेडक्याची काच मी पाहिली. जंतू मोजावे लागले नाहीत, जिथे पाहावे तिथे होते. छातीच्या फोटोत दोन्ही फुप्फुसांत डाग आले आहेत, उजवीकडे वर पोकळी आहे. रोज इंजेक्शन सुरू झाले आहे. डॉक्टर वर्षभराच्या औषधाचे बोलतात. मी त्यांना आणखी काही विचारले नाही.

मुले दारव्ह्याला पोचली असतील. आईंना सांगा की ताईची गोधडी उकळत्या पाण्यात घालून आठ दिवस कडक उन्हात टाकायची. जाळायची गरज नाही. पुढच्या रविवारी दोघांना इथे आणा. हातावर टोचून तपासणी करायची आहे.

तुम्ही डिसेंबरच्या तपासणीबद्दल विचारलेत. ती काच मी पुन्हा काढून पाहिली. तिच्यावर जंतू नाहीत. मी जे पाहिले तेच लिहिले होते.

मुलांना क्षयाच्या वॉर्डाच्या आवारात आणू नये असे इथे म्हणतात. तुम्ही आणा. कडुलिंबाखाली उभी करा, तिथून खिडकी दिसते. ताईला मी बसवून ठेवीन.

आपली कृपा आहे तशी असावी.

आपली,
नलू

मारेगाव,
ता. २६ एप्रिल १९६१

चि. नलूस, धर्मपालचे आशीर्वाद व जयभीम वि. वि.

कांता जाऊन आज पंधरा दिवस झाले. शाळा सकाळची आहे, ती करतो. घरी आल्यावर काय करायचे ते अजून ठरत नाही.

मुले दारव्ह्याला आहेत. विशाखाची टोचणी कोरी निघाली आणि महेंद्रची गाठ तेरा मिलिमीटर भरली, हे तू लिहिलेस त्याचा अर्थ डॉक्टरांनी समजावला. त्याला आजार नाही, पण जंतू अंगात शिरलेला आहे आणि वर्षभर गोळी द्यायची आहे. गोळी विशाखा देते. माझ्या आईच्या हातून तो घेत नाही.

मी तुला दोष देत नाही. दोष द्यायचा तर घरात रोज खोकला ऐकणारा मी आधी. एक गोष्ट मात्र कळली नाही, म्हणून लिहितो. शेवटच्या आठवड्यात मी आलो होतो तेव्हा ती म्हणाली की नलूले काही बोलू नका, तिनं मले दहा दिवस देले, समजून देले. मी विचारले काय समजून. ती भिंतीकडे वळली. तुला ठाऊक असेल तर कधीतरी सांग.

तू आमचीच आहेस, येणेजाणे तोडू नकोस.

तुझा,
धर्मपाल

दारव्हा,
ता. २९ नोव्हेंबर १९६१

सौ. नाही, कु. नलूमावशीस, विशाखाचा जयभीम.

मी चौथीत आहे. महेंद्र रोज गोळी खातो. मी ती वरवंट्यानं बारीक करते अन् गुळात देते. तो आता आजीजवळ झोपतो. आजी मले गया म्हणते. पहिले मी सांगत होती, आता ओ देते.

आईची गोधडी आजीनं उकळली. तिचा वास गेला.

मावशी, मले तुले एक सांगाचं आहे. बाबाले सांगू नको. ती बाटली आईनं नाही भरली. आई म्हणे, विशाखा तू थुंक, तुही थुंकी चांगली आहे, मग आपल्याले मावशीकडं जाता येते. मी तीन खेपा थुंकली. मग आईनं मले जवळ घेतलं अन् कोणाले सांगू नको म्हणे. मी कोणाले नाही सांगितलं.

पण आता मले रोज तेच आठवते. मी थुंकली नसती तर तुले आईचा आजार दिसला असता का. आई मेली नसती का. तू खोटं बोलत नाहीस म्हणून तुले विचारते. खरं लिहिजो.

नाताळची सुट्टी २३ तारखेपासून आहे. बाबा म्हणतात मावशीनं बोलावलं तर जा. माझ्यावर रागावली असशील तर नको बोलावू. महेंद्रले बोलाव.

तुझी,
विशाखा धर्मपाल, इयत्ता चौथी

यवतमाळ,
ता. ६ डिसेंबर १९६१

चि. विशाखास, नलूमावशीचे आशीर्वाद व जयभीम वि. वि.

तू खरे लिही म्हणालीस, म्हणून खरे लिहिते. आईने स्वतः बाटली भरली असती तर मला तिचा आजार बहुतेक दिसला असता. औषध दोन महिने आधी सुरू झाले असते. तेवढ्याने ती वाचली असती का, हे मला माहीत नाही. डॉक्टरांना विचारले, त्यांनाही सांगता आले नाही.

आता पुढचे नीट वाच, कारण ते तुला माहीत नाही. छातीतला बेडका घट्ट असतो. तुझी थुंकी पाण्यासारखी होती. झाकण उघडल्याबरोबर मला कळले की हा बेडका नाही. यंत्राखाली गालाच्या आतल्या चपट्या पेशी दिसल्या, दुसरे काही नाही. कोणाची थुंकी ते मला ठाऊक नव्हते, पण ती तपासून उपयोग नाही हे ठाऊक होते. असा नमुना परत पाठवून दुसरा मागवायचा असतो. मला तसेच शिकवले आहे. त्या वर्षी मी एकतीस जणांचे नमुने परत पाठवले. तुमचा पाठवला नाही. पाठवला असता तर तुम्ही २४ तारखेला आला नसता, आणि मी दोन पेले आणून ठेवले होते.

तुम्ही इथे आलात, आईच्या बांगड्या कोपरापर्यंत घसरत होत्या, तेही मी पाहिले. दुसरी बाटली फळीवर होती. मी ती खाली काढली नाही. महेंद्रच्या अंगात जंतू त्या दहा दिवसांत शिरला की त्याआधी, हे कोणालाच कळणार नाही.

तू आठ वर्षांची होतीस आणि आईने सांगितले ते केलेस. मी चोवीस वर्षांची होते आणि मला कोणी सांगितले नव्हते. म्हणून यापुढे ही आठवण आली की एवढेच म्हण, मावशीला ठाऊक होते.

माझे सगळे मी आज बाबांना वेगळ्या पत्रात लिहिले आहे. आई ‘समजून देले’ म्हणाली त्याचा अर्थ त्यांनी विचारला होता. मी सात महिने उत्तर दिले नाही. तुझ्याबद्दल त्यांना काही लिहिलेले नाही. ते तुला वाटेल तेव्हा तू सांग, नाहीतर सांगू नकोस. पत्र वाचून तुम्हाला माझ्याकडे पाठवायचे नाही असे त्यांनी ठरवले, तर ते बरोबर असेल आणि तू हट्ट करायचा नाही. पाठवले तर २३ तारखेला मी स्टँडवर असेन. पेले आहेत. महेंद्रची गोळी विसरू नकोस. गोधडी आण, ती आता निर्धोक आहे, आणि इथे थंडी आहे.

आणखी एक. ती डिसेंबरची काच मी टाकलेली नाही. माझ्या पेटीत कागदात गुंडाळून ठेवली आहे. चिठ्ठीवर माझ्या अक्षरात ‘कांताबाई’ लिहिले आहे आणि ते चूक आहे. तिच्यावर आई नाही, तू आहेस, आणि तुझ्यात काही दोष नाही. तुला कागदावरचे नाव चुकलेले चालत नाही. आलीस की तुझ्या हाताने ते खोड आणि विशाखा लिही. तारीख राहू दे.

मी तुझ्यावर रागावलेली नाही. तू माझ्यावर रागावलीस तर चालेल, पण पत्र लिहीत जा.

तुझी,
नलूमावशी