फ्रान्सच्या राजाचा सदरा

अप्पा, तुम्हाला जाऊन तीस वर्षं झाली आणि माझा राग अजून गेलेला नाही. हे आधीच सांगते, उगाच गैरसमज नको.

तुम्ही हुमनाबादच्या सरकारी शाळेत इतिहास शिकवायचात, उर्दूतून. घरी ओसरीवर मात्र परीक्षेच्या मुलांना तोच मराठीत, कन्नडात समजावून सांगायचात, आणि दाराआड बसून मी सगळं ऐकायचे. तुमच्यासारखं शिकवणारा मी पुन्हा पाहिला नाही, हे नाइलाजानं कबूल करते. त्या सकाळी फ्रान्सच्या राजाचा धडा चालला होता. ज्या सरदारांचे स्वतःचे किल्ले होते, फौजा होत्या, त्यांना त्यानं आपल्या महालात आणून ठेवलं. सकाळी तो उठला की कुणी त्याच्या सदऱ्याची उजवी बाही धरायची, कुणी डावी, आणि त्या मानासाठी ते आपसात भांडायचे. रयतेची सभा तर पिढ्यानपिढ्या बोलावलीच नाही. नुसत्या लढाईनं सगळी सत्ता हाती आली नसती, ती अशी आली, असं तुम्ही रंगून सांगत होतात.

मग तुम्ही उठलात. जिल्ह्याचे तालुकदार साहेब शाळा बघायला येणार होते, म्हणून डोक्यावर दस्तार, कमरेला पट्टा असा सगळा थाट. रोजच्यासारखी अव्वा शेरवानी उलगडून उभी, मी दस्तार हातात घेऊन उभी. तुम्ही हात मागे करायचा, आम्ही बाही चढवायची. तुम्ही बाहेर पडेस्तोवर घरात कुणी घास घ्यायचा नाही. मुलं अजून ओसरीवरच होती. मी विचारलं, "अप्पा, मग ते सदरा धरनारे सरदार आन् आमी, ह्यात फरक काय हाय?"

एक मुलगा हसला. खरं तर मी खोचून बोलले नव्हते. धडा कळला एवढंच दाखवायचं होतं, शाबासकी हवी होती. तुम्ही दस्तार नीट बसवलीत आणि माझ्याकडे न बघता अव्वाला म्हणालात, "हिचं शिकनं बास झालं." पंधरा दिवसांनी मी गुलबर्ग्याला अक्काच्या घरी राहून मिडलची परीक्षा देणार होते. माझी पुस्तकं तुमच्या ट्रंकेत गेली. मार नाही, आरडाओरडा नाही. साहेबापुढे कमरेत वाकणारा माणूस घरात असा वागतो, याची मला आजही किळस येते. परक्या मुलखातल्या राजाची लबाडी ओळखलीत, घरातली नाही? मला वाटतं, ओळखली होतीत. म्हणूनच ते एवढं झोंबलं.

हे पत्र मी माझ्या मुलीच्या हाती लागू देणार नाही. बापानं माझं शिक्षण तोडलं, एवढंच तिला ठाऊक आहे. आठव्या दिवशी अव्वा चुलीपाशी येऊन बसली, ते तिला मी कधी सांगितलं नाही. तुम्ही पलीकडेच होतात, ऐकू येईल एवढ्या अंतरावर. अव्वा रडत होती. "अप्पा म्हनायलेत, नुस्तं चुकले म्हन आन् जा गुलबर्ग्याला. कामून हट्ट करायलीस बाई?"

मी भाकरी थापत राहिले. परीक्षा होऊन गेली, तरी तो एक शब्द मी तोंडातून काढला नाही.